एक ना धड, भाराभर चिंध्या

सोमवार हा आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे भाजी विकून, बियाणे घेऊन जाताजाता दवाखान्यातही डोकावतात आणि अकरा वाजेपर्यंत बाकावर बसायला जागा उरत नाही. पावसाळ्यातल्या अशाच एका सोमवारी तापाने फणफणलेले एक बाळ माझ्यापुढे होते. वजन आठ किलो. तपासून झाले, छाती स्वच्छ होती, कान-घसा ठीक होता, आणि मी तापाचे औषध लिहायला घेतले. पॅरासिटामॉलचे पातळ औषध आपल्याकडे निरनिराळ्या शक्तीचे मिळते. एका बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत तेवढ्याच पाच मिलिलिटरमध्ये २५०. या बाळाला पहिल्या बाटलीतले पाच मिलि पुरेसे होते. औषधाचे नाव लिहून झाले आणि टेबलावरचा मोबाईल वाजला. एका जुन्या रुग्णाची साखर वाढली होती, त्याचा मुलगा गोळी वाढवू का म्हणून विचारत होता. त्याच्याशी बोलत असतानाच औषध कंपनीच्या प्रतिनिधीने दारातून मान आत घातली. त्याला मी हाताने थांबायची खूण केली, फोन ठेवला आणि चिठ्ठी पूर्ण केली. नावापुढे लिहिले २५०. मात्रा पाच मिलि, दिवसातून चार वेळा, तीन दिवस.

म्हणजे बरोबर दुप्पट.

दहा मिनिटांनी कोपऱ्यावरचे मेडिकलवाले स्वतः चिठ्ठी घेऊन आले. वीस वर्षे दुकान चालवणारे गृहस्थ. चारचौघांत काही न बोलता त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि हळूच विचारले, ‘‘बाई, बाळ किती किलोचं म्हणालात?’’ मी चिठ्ठी पाहिली आणि माझ्या हातापायांतले बळच गेले. एखाद्या जादा डोसाने बहुधा काही झाले नसते. पण तीन दिवस दुप्पट औषध पोटात गेले असते, तर एवढ्याशा जिवाच्या यकृताला इजा होण्याचा धोका होता.

हे आज सांगते आहे, कारण गेल्या महिन्यात एका वाचकांचे पत्र आले आहे. ते एका पतसंस्थेत रोखपाल आहेत, वय एक्केचाळीस. वर्षभरात तीनदा त्यांच्या गल्ल्यात पैसे कमी भरले. शेवटच्या वेळी पाचशेच्या चार नोटा कमी होत्या, त्या त्यांनी खिशातून भरल्या. ‘‘वरिष्ठ म्हणतात माझे लक्ष नाही. घरचे म्हणतात विसरभोळा झालो. नोकरीवर बेतेल अशी भीती वाटते. स्मरणशक्तीसाठी एखादे चांगले टॉनिक सुचवावे,’’ असे त्यांनी लिहिले आहे.

टॉनिकचे नंतर पाहू. आधी एक सांगते. त्या सोमवारी मला औषधाची मात्रा माहीत नव्हती असे नाही. झोपेतून उठवून विचारले असते तरी मी बरोबर सांगितली असती. या रोखपालांनाही नोटा मोजता येत नाहीत असे नाही. ज्ञान होते, कामाची इच्छा होती, तरी चूक झाली. मग ती झाली कुठे?

आपल्या मेंदूत दोन तऱ्हेच्या आठवणी असतात असे ढोबळमानाने म्हणता येईल. एक कोठार. त्यात शाळेतले पाढे, लग्नाची तारीख, औषधांच्या मात्रा वर्षानुवर्षे राहतात. दुसरा ओटा. स्वयंपाक करताना कोठारातल्या जिनसांपैकी त्या घडीला लागणाऱ्या तेवढ्याच आपण ओट्यावर काढतो, तसेच हे. शास्त्रज्ञ याला कार्यस्मृती म्हणतात आणि तिचा कारभार मुख्यत्वे कपाळामागच्या मेंदूकडे असतो. कोठार अफाट आहे, ओटा मात्र अगदीच लहान. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्यावर साधारण सात, फार तर दोन इकडे-तिकडे एवढ्या गोष्टी मावतात असे मांडले. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी आधीच्या प्रयोगांचा पुन्हा धांडोळा घेऊन दाखवले, की मनातल्या मनात घोकायला वा गोष्टी जोडायला सवड दिली नाही, तर हा आकडा चारच्या आसपासच राहतो. मोबाईलवर बँकेचा सहा आकडी ओटीपी येतो तो आपण सहा सुटे आकडे म्हणून धरत नाही, तीन-तीनचे दोन गठ्ठे करतो. आणि ते ओठांवर असतानाच सौ. ने ‘‘अहो, गॅसचा नंबर लावला का?’’ विचारले, की दोन्ही गठ्ठे गायब!

माझ्या ओट्यावर त्या सोमवारी बाळाचे वजन होते, बाटलीची शक्ती होती. फोन आला आणि साखरेच्या गोळ्यांनी ती जागा घेतली. परत आले तेव्हा ओटा रिकामा होता. हाताने सवयीने काहीतरी उचलले, ते चुकीचे निघाले. दुर्दैव असे, की ओटा रिकामा झाला हे माणसाला कळत नाही. आपण तिथूनच पुढे जातो आहोत, अशी त्याची खात्री असते.

‘‘पण बाई, आम्ही तर एका वेळी चार कामं करतो,’’ असे अनेकजण म्हणतात, आणि तसे सांगताना त्यांना अभिमानही वाटतो. त्यांच्यासाठी एक घरगुती प्रयोग. घड्याळ समोर ठेवा. आधी बारापासून एकपर्यंत उलटे आकडे मोठ्याने म्हणा. मग चैत्र ते फाल्गुन मराठी महिने म्हणा. दोन्हींना लागलेली वेळ लिहून ठेवा. आता दोन्ही एकत्र म्हणा : बारा चैत्र, अकरा वैशाख, दहा ज्येष्ठ, नऊ आषाढ... असे एकपर्यंत. लिहून घ्यायचे नाही, बोटे मोजायची नाहीत. आमच्या घरी हा प्रयोग केला तेव्हा भाद्रपदाच्या आसपास सगळ्यांचीच गाडी अडली. आकडे तेच, महिने तेच, शब्द एकही वाढलेला नाही. मग वाढलेला वेळ गेला कुठे? तो गेला एका कामावरून दुसऱ्यावर जाण्या-येण्यात. विचार करावा लागणारी दोन कामे मेंदू एकदम करीतच नाही. तो झपाट्याने एक सोडतो, दुसरे धरतो, पुन्हा पहिले धरतो, आणि प्रत्येक खेपेला थोडा वेळ आणि थोडी अचूकता रस्त्यात सांडते. चालता चालता बोलणे जमते, कारण चालणे अंगवळणी पडलेले असते, त्याला कपाळामागचा मेंदू फारसा लागत नाही. रहदारीचा रस्ता ओलांडायची वेळ आली, की आपण बोलता बोलता आपोआप गप्प होतो, हे पाहा कधी.

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली यातली आणखी एक गोष्ट दाखवली. अर्धवट टाकलेले काम मनातून पुरते जात नाही. आमटीचे पातेले नुसते विसळून त्यातच चहा ठेवला तर चहाला जसा फोडणीचा वास येतो, तसे आधीच्या कामाचे काहीतरी पुढच्या कामाला चिकटून राहते. फोन ठेवल्यावर आपण लगेच ‘मोकळे’ झालो असे वाटते, पण मन काही काळ फोनवरच असते.

इथे कोणी अष्टावधानी लोकांचा दाखला देईल. आपण घरातल्या कर्त्या बाईलाही कौतुकाने अष्टावधानी म्हणतो. (कौतुक पुरे, एखादे काम वाटून घ्या, असे मला तिच्या वतीने म्हणावेसे वाटते.) परंतु अवधान ही कला मुळात कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. तेलुगू आणि कन्नड मुलखात ती आजही जिवंत आहे. आठ पृच्छक अवधानी पंडिताभोवती बसतात. कोणी समस्या घालतो, कोणी काव्याची अट घालतो, कोणी मधूनच घंटा वाजवतो आणि एकूण टोले शेवटी विचारतो. पंडित एकेकाकडे वळतो, त्याचे तेवढे करतो, पुढच्याकडे जातो. मागचे सारे वर्षानुवर्षांच्या साधनेने कमावलेल्या स्मृतीत ठेवतो. म्हणजे तोही आठ कामे एकदम करीत नाही. गंमत म्हणजे त्या आठांत ‘अप्रस्तुत प्रसंग’ नावाचा एक पृच्छक असतो. मध्येच असंबद्ध काहीतरी विचारून पंडिताचे चित्त विचलित करणे एवढेच त्याचे काम. व्यत्यय ही केवढी कठीण परीक्षा आहे, हे त्या जुन्या लोकांनी किती नेमके ओळखले होते! आपल्या कचेऱ्यांत आणि दुकानांत मात्र हा अप्रस्तुत प्रसंग दिवसभर फुकट चालू असतो, आणि आता तर तो प्रत्येकाच्या खिशातही बसला आहे.

त्याची किंमत किती? ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिका औषधे देत असताना त्यांचे बारकाईने निरीक्षण केले गेले. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. औषध तयार करताना वा देताना कोणी मध्येच बोलावले, काही विचारले, की अशा प्रत्येक व्यत्ययामागे चुकांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेले आढळले. या काही नवशिक्या मुली नव्हत्या. अनुभवामुळे व्यत्ययाचा त्रास कमी होतो, अशी आपली समजूत असते. त्या अभ्यासात तसे संरक्षण अनुभवी परिचारिकांनाही मिळालेले दिसले नाही.

मग करायचे काय? दार लावून बसणे माझ्यासारखीला शक्य नाही आणि रोखपालांना तर नाहीच. पण जिथे चूक महागात पडते अशा कामाचे दोन-पाच मिनिटांचे तुकडे तरी आपल्याला राखता येतात. आता मी चिठ्ठी लिहीत असताना फोन कंपाउंडरकडे असतो. तो म्हणतो, ‘‘बाई लिहितायत, पाच मिनिटांनी करा.’’ आजवर यावर कोणी रागावलेले नाही. आणि तरीही कोणी मध्ये आलेच, तर मी तिथून पुढे जात नाही, चिठ्ठी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचते. नोटा मोजतानाही तेच लागू आहे. सत्तेचाळीसवर कोणी हाक मारली तर सत्तेचाळीस लक्षात ठेवून उत्तर देण्याचा शहाणपणा करू नये. गड्डी खाली ठेवावी, उत्तर द्यावे आणि पुन्हा एकपासून सुरुवात करावी.

दुसरी युक्ती मोठ्याने म्हणण्याची. रेल्वेच्या इंजिनात चालक आणि सहचालक समोरचा सिग्नल पाहून तो एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही तो दिसत असतो, तरीही सांगतात. जपानमध्ये रेल्वे कर्मचारी याच्याही पुढे जाऊन सिग्नलकडे बोट दाखवून त्याचा उच्चार करतात. बघणाऱ्याला हसू येते खरे. पण १९९४ साली तिथल्या रेल्वे तंत्र संशोधन संस्थेने एका साध्या कामावर चाचणी घेतली, तेव्हा काहीच न करता शंभर कृतींमागे सुमारे २.४ चुका झाल्या आणि बोट दाखवून उच्चार केल्यावर त्या ०.४ च्या आसपास आल्या. डोळे, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीला जुंपले, की मनाला इकडेतिकडे भटकायला वाव राहत नाही. आपल्याकडच्या मापाऱ्याला हे ठाऊकच होते. खळ्यावर धान्य मोजताना तो ‘लाभ, दोन, तीन’ असे खणखणीत आवाजात म्हणायचा आणि तो मोजत असताना मालकानेही त्याच्याशी बोलायचे नाही, अशी रीत होती. मी आता बाळाचे वजन, बाटलीवरचा आकडा आणि मात्रा आईला ऐकू जाईल अशी म्हणते आणि तिलाही परत म्हणायला लावते. (वाचकांनीही एक ध्यानात ठेवावे. एका बाटलीसाठी सांगितलेले मिलि दुसऱ्या बाटलीला लागू पडत नाहीत, घरात जुनी बाटली आहे म्हणून ती परस्पर देऊ नये.)

तिसरी गोष्ट, जे स्मरणावर सोडू नये ते कागदावर ठेवावे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, ॲलर्जी अशा साध्या साध्या बाबी मोठ्याने वाचून तपासण्याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली. जगातल्या आठ रुग्णालयांत, त्यांत नवी दिल्लीतले एक होते, ती वापरून पाहिली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. मोठमोठ्या शल्यविशारदांना ‘रुग्णाचे नाव विचारा’ हे कागदावरून वाचावे लागते यात कमीपणा नाही. कार्यस्मृतीचा ओटा त्यांचाही तेवढाच आहे.

एकसुरी कामाचे दुखणे वेगळे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास टक लावून बसणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या नजरेतून खुणा निसटत. नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यावर प्रयोग केले, ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. एक काटा दर सेकंदाला एक उडी घेत फिरे आणि क्वचित एकदम दोन घरे उडे. ती दुहेरी उडी तेवढी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच निसटणाऱ्या उड्या स्पष्टपणे वाढल्या. उत्तरपत्रिका तपासणारे शिक्षक, हिशेबाच्या वह्या ताडून पाहणारे कारकून यांनी अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाणी प्यावे, व्हरांड्यात एक चक्कर मारावी. साहेबांनी त्याला कामचुकारपणा समजू नये. मात्र उठून मोबाईल पाहत बसणे ही विश्रांती नव्हे. तोच ओटा, त्यावर नवे सामान!

आता सर्वांत महत्त्वाचे, झोप. आमच्या रोखपालांच्या पत्रात खाली एक ओळ होती, जी त्यांनी सहज लिहिली असावी : ‘‘दोन एकर बागायत आहे, लाईट रात्रीचीच असते, म्हणून पाण्यावर जावे लागते.’’ आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी नोकरदारांची हीच कथा आहे. शेतीपंपाची वीज रात्री, नोकरी दिवसा. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या पाळ्या करणारेही त्यातलेच.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉसन व रीड या संशोधकांनी जागरणाची तुलना थेट दारूशी केली. सतत १७ तास जागे राहिल्यावर माणसाची हात-डोळ्यांची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होते तेवढी घसरली. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. पहाटे चारला उठलेला माणूस रात्री नऊला मोटारसायकलवरून घरी निघतो तेव्हा त्याच्या तोंडाला वास येत नाही, एवढाच फरक! रोज थोडी थोडी झोप कमी होण्याचा परिणाम तर आणखी फसवा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निरोगी लोकांना चौदा दिवस काहींना चार, काहींना सहा, तर काहींना आठ तास झोपू दिले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा तास वा त्याहून कमी झोपणाऱ्यांचे लक्ष दिवसेंदिवस ढासळत गेले, इतके की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पंक्तीला ते जाऊन बसले. आणि त्यांना विचारले तर ते म्हणत, तशी फार झोप येत नाही, सवय झाली आता. ‘सवय झाली’ हे वाक्य दवाखान्यात ऐकले, की मला हा अभ्यास आठवतो. पुरी झोप घेणाऱ्याच्या चुका कमी होतात हे खरे, पण अर्धवट झोपणाऱ्याला आपल्या चुका वाढल्याचे कळतही नाही, हे जास्त भयंकर आहे.

रात्री झोप पुरती घेणे शक्यच नसेल तर दुपारी वीस-पंचवीस मिनिटे डोळे मिटावेत. आपली वामकुक्षी थट्टेचा विषय झाली आहे खरी, पण नासाच्या संशोधकांनी लांबच्या पल्ल्याच्या वैमानिकांना चाळीस मिनिटांची आळीपाळीने विश्रांती दिली, त्यात त्यांना सरासरी सव्वीस मिनिटे झोप लागली आणि पुढच्या प्रवासात ती मंडळी न झोपलेल्यांपेक्षा अधिक सावध राहिली. त्याहून लांब झोप काढली तर उठल्यावर डोके जड राहते. चहाविषयी : दिवसभरात मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्याने झोप येते. चहा-कॉफीतले कॅफीन त्याची वाट अडवते, थकवा घालवत नाही, लपवते. आणि घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे साधारण पाच तासांनीही शरीरात असते. संध्याकाळी सहानंतरचा चहा रात्रीच्या झोपेतून वसूल होतो.

राहता राहिले टॉनिक. निरोगी माणसाची बुद्धी वा स्मरणशक्ती वाढवील असे सिद्ध झालेले टॉनिक बाजारात नाही, बाटलीवर मेंदूचे कितीही सुबक चित्र असो. आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो ही निव्वळ थाप आहे. आणि डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला शिकवू म्हणणाऱ्या वर्गांना हजारो रुपये देण्याआधी त्या पट्टीच्या नाकाजवळच्या फटीतून स्वतः एकदा पाहावे. पण लक्ष लागत नाही, विसर पडतो, या तक्रारीमागे कधी कधी खरा आजार असतो आणि तो बरा करता येतो. थायरॉईडची कमतरता, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (शाकाहारी माणसांत आपल्याकडे ती पुष्कळ आढळते), मधुमेहाच्या गोळ्यांनी मधूनच खाली जाणारी साखर, सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या तऱ्हेच्या गोळ्यांची गुंगी, झोपेच्या गोळ्या, मद्यपान, मनाचे नैराश्य. मोठ्याने घोरणारा आणि दिवसा बसल्या जागी पेंगणारा माणूस आळशी नसतो. झोपेत त्याचा श्वास अडत असण्याची शक्यता असते, त्याची तपासणी व्हायला हवी. आणि अचानक गोंधळल्यासारखे होणे, बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे वा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे ही लक्षणे दिसली तर एक मिनिटही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे पहिले साडेचार तास मोलाचे असतात.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी ब-१२, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे व अहवाल जवळच्या डॉक्टरांना दाखवावा. पंपाला आपोआप चालू होणारा स्टार्टर बसवता येतो का ते पाहावे. आणि ज्या खिडकीवर पैसे मोजतात तिथेच पासबुकाची चौकशीही होते असे त्यांनी लिहिले आहे. ती चौकशी शेजारच्या टेबलावर हलवता येईल का, हे त्यांनी हा लेख दाखवून व्यवस्थापकांना विचारावे.